जुनाच प्लॅन पुढे चालू ठेवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. आज मी बोलणार आहे ते अमेरिकेत राहणाऱ्या, पासष्टी ओलांडलेल्या आपल्या ज्येष्ठांशी. त्यांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या लेकी-सुनांनी आणि मुला-जावयांनीही ऐकावं.

१५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, प्लॅन बदलता येतो आणि तो बदल १ जानेवारीपासून लागू होतो. दिवाळी, थँक्सगिव्हिंग, भारतात जायची तिकिटं या गडबडीत हे काम मागे पडतं. काहीच केलं नाही तर बहुतेकांचा जुना प्लॅन आपोआप पुढे चालू राहतो. पण नाव तेच असलं तरी आतले नियम आणि आकडे दर वर्षी बदलू शकतात. गेली दोन वर्षं जी गोळी थोडक्या पैशांत मिळत होती, ती जानेवारीत वरच्या टिअरमध्ये, म्हणजे महागड्या गटात, गेलेली असते, आणि हे कळतं ते फार्मसीच्या खिडकीपाशी.

सप्टेंबरअखेरपर्यंत तुमच्या प्लॅनच्या विमा कंपनीकडून पुढच्या वर्षीच्या बदलांची सूचना येते, ‘अ‍ॅन्युअल नोटिस ऑफ चेंज’. जाहिरातींच्या ढिगात ती रद्दीत जाते. ती शोधा, सापडली नाही तर फोन करून मागवा. चालू वर्षाचे आणि पुढच्या वर्षाचे आकडे त्यात शेजारी-शेजारी दिलेले असतात.

मग औषधांच्या सगळ्या बाटल्या टेबलावर मांडा. डोळ्यांचे थेंब, इनहेलर, काही विसरू नका. लेबलवरचं नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, हे जसंच्या तसं मेडिकेअरच्या वेबसाइटवर भरा, नेहमीची फार्मसीही निवडा. प्रत्येक प्लॅनचा वर्षभराचा एकूण खर्च समोर येतो. बघायचा तो हाच आकडा. नुसता प्रीमियम पाहून ठरवलं की फसगत होते. औषधांवर तुमच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाला आता मर्यादा आहे, २०२५ साठी २,००० आणि २०२६ साठी २,१०० डॉलर. मात्र प्लॅनच्या यादीत नसलेलं औषध त्यात धरलं जात नाही. म्हणूनच यादी तपासायची.

‘शून्य प्रीमियम’च्या अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनबद्दल जरा सविस्तर सांगतो. हे प्लॅन मूळ सरकारी मेडिकेअरऐवजी खासगी विमा कंपन्या चालवतात. पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चासाठी असलेल्या मेडिकेअरच्या भागाचा, हप्ता त्यातही भरावाच लागतो. डॉक्टर बहुतेक वेळा नेटवर्कमधले, म्हणजे कंपनीशी करार असलेले, लागतात आणि काही तपासण्यांना आधी मंजुरी घ्यावी लागते. डॉक्टरांच्या ऑफिसात ‘मेडिकेअर घेता का’ एवढंच विचारू नका. प्लॅनचं पूर्ण नाव सांगा आणि पुढच्या वर्षीही तो घेणार का, ते विचारा.

मूळ मेडिकेअर आणि त्याला जोड म्हणून घेतलेला मेडिगॅप हा खासगी विमा सोडून अ‍ॅडव्हान्टेजमध्ये जायचं असेल, तर आधी परतीची वाट बघून ठेवा. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने मेडिगॅप कंपनी तुम्हाला आजारपणामुळे नाकारू शकत नाही. नंतर बहुतेक राज्यांत ती तब्येतीची चौकशी करून नाही म्हणू शकते. न्यूयॉर्क, कनेक्टिकट अशा थोड्याच राज्यांत कायम संरक्षण आहे. पहिल्यांदाच अ‍ॅडव्हान्टेज घेतलेल्यांना पहिल्या वर्षात परतीचा हक्क मिळू शकतो, तो आपल्याला लागू होतो का ते विचारून घ्या. सहा महिन्यांनंतर नाकारण्याचा हा नियम मला फार जाचक वाटतो, कारण बदलाची खरी गरज पडते तीच मुळी आजारपण आल्यावर.

हिवाळा पुण्या-नाशिकला काढणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. भारतातल्या हॉस्पिटलचं बिल मूळ मेडिकेअर देत नाही. मेडिगॅपच्या जी आणि एन यांसारख्या प्लॅनमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय असते, पण ती प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत उद्भवलेल्या आजारापुरती: पहिले २५० डॉलर तुमचे, पुढचे ८० टक्के कंपनीचे, आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. अ‍ॅडव्हान्टेजवाले सलग सहा महिन्यांहून जास्त आपल्या भागाबाहेर राहिले तर बहुतेक प्लॅनमधून नाव कमी होतं. तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारा.

एकट्याने हे सगळं जमेल असं नाही. प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची मोफत सल्लासेवा आहे. तिथले सल्लागार काही विकत नाहीत, म्हणून एजंटच्या आधी त्यांना फोन करा. त्यांचा नंबर १-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या क्रमांकावर मिळेल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लाइन लागत नाही, तेव्हा त्याच्या बरंच आधी वेळ ठरवून घ्या. कुणी अनोळखी माणूस आपणहून फोन करून तुमच्या कार्डावरचा नंबर मागू लागला, तर न सांगता फोन ठेवून द्या.