घरातल्यांचा वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

"मुलांसाठी अर्ज केला, तर ह्यांच्या पैशांतून कापून घेतील का हो?" अमेरिकेतल्या मराठी घरांतून हा प्रश्न मला अनेकदा ऐकायला मिळतो. विचारणाऱ्या वहिनींचे यजमान आजारपणामुळे काम सोडून घरी असतात, सोशल सिक्युरिटी या अमेरिकी सरकारच्या विमा योजनेचा अपंगत्व लाभ नुकताच सुरू झालेला असतो, आणि मिळतंय तेही हातचं जाईल या धास्तीने घर गप्प राहतं. म्हणून उत्तर आधी सांगते. एक सेंटही कापत नाहीत. कामगाराचे पैसे त्याला पूर्ण मिळतात. घरच्यांना मिळतं ते त्याखेरीज.

आणि हे कुणाचे उपकार नव्हेत. प्रत्येक पगारातून ६.२ टक्के कापले गेले आहेत, मालकानेही तेवढेच भरलेत. अपंगत्वाचा विमा त्यातच येतो. १९५६ साली तो कायद्यात आला तेव्हा फक्त ५० ते ६४ वयाच्या कामगारांसाठी होता, घरच्यांना काहीच नव्हतं. १९५८ मध्ये बायकोमुलांचाही त्यात समावेश झाला.

मुलाला अठरा पूर्ण होईपर्यंत मिळतं. शाळेत पूर्णवेळ शिकत असेल तर एकोणीसपर्यंत, पण कॉलेज त्यात धरत नाहीत. दत्तक मूलही चालतं. पत्नीला किंवा पतीला बासष्टाव्या वर्षापासून, आणि सोळाच्या आतलं मूल सांभाळत असतील तर कोणत्याही वयाला. लग्न दहा वर्षं टिकून मग घटस्फोट झाला असेल, तर बासष्टनंतर त्या जोडीदारालाही हक्क आहे, मात्र पुन्हा लग्न केलेलं नसावं. आईवडिलांना मात्र कामगार हयात असताना यात जागा नाही. ते त्याच्याच आधाराने राहत असले तरी नाही. मला हे फार लागतं, पण नियम असा आहे आणि तो आधीच कळलेला बरा.

आता हिशेब. कागदावर प्रत्येकाचा वाटा कामगाराच्या लाभाच्या निम्म्यापर्यंत असतो, पण सगळ्या घराला मिळून एक कमाल मर्यादा आहे. ती फार तर दीडपट. समजा कामगाराला महिना दोन हजार डॉलर मिळतात. मग घराची मर्यादा जास्तीत जास्त तीन हजार. वरचे हजार बायको आणि दोन मुलांत सारखे वाटले, की प्रत्येकी सुमारे ३३३ डॉलर येतात. मोठा अठराचा झाला की त्याचा वाटा बंद होतो, पण घरातून जात नाही. बायको आणि धाकटीला पाच-पाचशे मिळू लागतात. ते आपोआप वाढले का, हे जरूर तपासा.

मर्यादेची दुसरी बाजू जास्त कठोर आहे. ती सरासरी मासिक कमाईच्या ८५ टक्क्यांवरही जाऊ शकत नाही. ज्याची कमाई अगदी तुटपुंजी होती, त्याचा स्वतःचा लाभच या आकड्याला भिडतो किंवा ओलांडतो. त्याचे पैसे शाबूत राहतात, पण मुलांसाठी काहीच उरत नाही. ज्या घराला सर्वांत जास्त गरज, नेमकं तेच घर रिकाम्या हाताने परततं. कायद्यातली ही गोष्ट बदलायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

एका घराशी मात्र मला खास बोलायचंय. तुमचं मूल बावीस वर्षांच्या आधीच अपंग झालं असेल, तर अठराव्या वाढदिवसाला त्याचा हक्क संपत नाही. ते तीस वर्षांचं असो की पंचेचाळीस, वडील किंवा आई अपंगत्व लाभ घेत असतील तर त्यांच्या नावावर त्यालाही मिळू शकतं. त्याने स्वतः एक दिवसही नोकरी केलेली नसली तरी चालतं. मात्र त्याचं लग्न ठरवण्याआधी चौकशी करा, कारण बहुतेक वेळा लग्नाने हा लाभ थांबतो.

लहान मुलाचे पैसे आईच्या किंवा वडिलांच्या हाती येतात, पण ते मुलासाठीच खर्चायचे असतात आणि त्याचा हिशेब ठेवायचा असतो. वहीत लिहा, पावत्या जपा.

अर्ज करताना मुलांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला जवळ असू द्या. घरच्यांची नावं कामगाराच्या अर्जाबरोबरच सांगा. मागाहून अर्ज केलात तर थकलेले पैसे फार तर मागच्या बारा महिन्यांचे मिळतात.