पोर्तो मोनीझच्या डोहांत उतरण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

अटलांटिक महासागरात पोर्तुगालचं मादेइरा बेट आहे. त्याच्या वायव्य टोकाला, उभ्या डोंगराच्या पायथ्याशी पोर्तो मोनीझ हे लहानसं गाव. तिथं पर्यटक येतात ते मुख्यतः डुंबायला. लाव्हा वाहत समुद्रापर्यंत आला आणि थिजला. त्याच्या खळग्यांत खाऱ्या पाण्याचे डोह तयार झाले. माणसानं नंतर मधल्या फटी बांधून काढल्या, पायऱ्या आणि कठडे केले, एवढंच.

असे डोह गावात दोन ठिकाणी आहेत. मोठ्या डोहाला तिकीट आहे. पाण्याचा विस्तार सुमारे ३,८०० चौरस मीटर, खोली जास्तीत जास्त दोन मीटर. कपडे बदलायच्या खोल्या, शॉवर, जीवरक्षक, सगळं आहे. दुसरे काशालोतचे डोह, म्हणजे स्पर्म व्हेलच्या नावाचे. तिथं खडक जास्त रांगडा, पाण्याच्या वाटा अरुंद. पोहण्यात मुरलेल्यांनी तिकडे जावं. मुलं बरोबर असतील तर मोठा डोहच बरा.

तलाव म्हटलं की आपण निर्धास्त होतो, आणि इथली पहिली चूक तीच. भिंतीपलीकडे उघडा अटलांटिक आहे. भरतीला लाट भिंतीवरून आत येते. त्यामुळेच पाणी ताजं राहतं, आणि त्याच लाटेनं माणूस खडकावर आपटतो. भरतीचं वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवा. भरती-ओहोटीत सहा तासांहून थोडं जास्त अंतर असतं आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पाणी सहाही तास सारखं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा, तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून निम्मं. आत्ताच तर गुडघाभर होतं, असं वाटतं ते याच वेळी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा चढ सर्वात मोठा, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, सौम्य.

पण वेळापत्रकात लाटांची उंची नसते. दूरच्या वादळानं उठवलेल्या लाटा ऊन पडलेल्या, वारा नसलेल्या दिवशीही येतात, विशेषतः हिवाळ्यात, कारण हा किनारा उत्तरेकडे उघडा आहे. त्यासाठी आधी खडक बघा. कोरडा लाव्हा राखाडी दिसतो, ओला काळाभोर चकाकतो. भिंतीचा माथा चकाकत असेल तर लाट नुकतीच तिथवर पोचली आहे. मोठ्या लाटा टोळीनं येतात, मधे बराच वेळ शांतता असते. म्हणून पंधरा-वीस मिनिटं काठावर बसून पाहिल्याशिवाय उतरू नये. घाई असेल तर नुसते पाय भिजवा.

बावट्यांचा अर्थही नीट समजून घ्या. हिरवा असेल तर पोहा. पिवळा असेल तर पाय टेकतील तिथं डुंबता येतं, पोहायचं नाही. लाल असेल तर पाण्यात जायचंच नाही. पिवळ्याचा अर्थ 'जरा जपून पोहा' असा नाही. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

पायात पकड असलेल्या रबरी तळाचे बूट हवेतच. पाणी वर-खाली होतं त्या पट्ट्यात शेवाळ असतं. साध्या चपला तिथं घसरतात आणि वर पाण्यात निसटून जातात. उतरताना खडक धरू नका, कठडा धरा. खडकाला चिकटलेले बार्नॅकल, म्हणजे धारदार कवचाचे बारके जीव, तळहात सोलतात. अशी जखम गोड्या पाण्यानं धुवावी. फटींत सी अर्चिन, म्हणजे काळ्या काट्यांचे गोळे असतात. काटा रुतला तर दाबू नका, तो आतच मोडतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि वर आलेलं टोक चिमट्यानं सरळ ओढा. डोक्यावर सूर तर मारूच नका, तळ सपाट नाही.

पाणी मार्चच्या सुमारास साधारण १८ अंश असतं, सप्टेंबरात २३-२४. अठरा अंशांत एकदम उडी घेतली तर श्वास अडकतो. आधी मनगटं, मान भिजवा, मग हळूहळू उतरा. पोहायचा चश्मा मात्र न्याच. भिंतीखालच्या सावलीत लहान मासे थव्यानं उभे असतात.

फुंशालहून, म्हणजे बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या राजधानीहून, निघताना तिथलं ऊन पाहून निर्णय घेऊ नका. मधल्या डोंगरांमुळे दक्षिणेला लख्ख आणि उत्तरेला ढग असं नेहमी होतं. निघण्याआधी पोर्तो मोनीझचा वेबकॅम उघडून फेस किती उडतोय ते बघा. बावटा लाल लागलाच, तर जुन्या किल्ल्यात मत्स्यालय आहे. आणि लापाश मागवा: खडकावरचे शिंपले, लसूण-लोण्यात भाजलेले, तापलेल्या तव्यातच समोर येतात. लिंबू लगेच पिळा, गार झाले की ते रबरासारखे होतात.