फी नाही म्हणे!

[दृश्य: चिपळूण. पावसाची उघडीप. पलंगावर पसरलेले कागद.]

या मार्कशीटच्या खालच्या कोपऱ्यात एक डाग आहे. तांबूस, हाताच्या अंगठ्याएवढा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी या घरात शिरली, त्या दिवशीचा. पाणी ओसरल्यावर आईने कपाट उघडलं आणि आधी मुलीची फाइल बाहेर काढली. एकेक कागद सुटा केला, पंख्याखाली वाळवला, वर सुती कापड ठेवून इस्त्री फिरवली. बारावीची गुणपत्रिका वाचली. दहावीची लगदा झाली होती. तिच्या दुय्यम प्रतीसाठी वडिलांनी रत्नागिरीला मंडळात दोन खेपा घातल्या.

जर्मनीला जायचं हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

आज ही मुलगी केमिकल इंजिनिअर आहे. वडील लोट्याच्या एमआयडीसीत बॉयलरवर असतात, आई घरून मसाले करून विकते. ऑक्टोबर 2025 मध्ये जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या विद्यापीठात तिचा मास्टर्स सुरू झाला, विषय केमिकल अँड एनर्जी इंजिनिअरिंग. त्याआधीच्या वर्षभरात आम्ही या घरी अधूनमधून कॅमेरा घेऊन जात राहिलो. आणि जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा शेजारपाजारचं कुणी ना कुणी चहाचा कप हातात घेऊन एकच वाक्य बोलायचं.

"तिकडे बरं, फी नाही म्हणे!"

[दृश्य: लॅपटॉपवर उघडलेली यादी. माऊस खाली सरकतो आहे.]

म्हणणं खोटं नाही. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवणी फी घेत नाहीत, परदेशी विद्यार्थ्याकडूनही नाही. अपवाद आहेत. श्टुटगार्ट, कार्ल्सरुहं ज्या राज्यात येतात त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सत्राला 1,500 युरो मोजावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024 पासून फी लावली. माग्डेबुर्ग मात्र झाक्सेन-आनहाल्ट राज्यात येतं. तिथे फक्त सत्र शुल्क, म्हणजे विद्यार्थी सेवांची वर्गणी.

2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत भारतीय विद्यार्थी 49,000 च्या वर होते, चिनी विद्यार्थ्यांपेक्षाही जास्त. तेव्हा 'फी नाही म्हणे' हे वाक्य चिपळूणच्या एकाच आळीत बोललं गेलेलं नाही.

फी नाही. मग वर्षभर या घरात कशाची धावपळ चालली होती?

सुरुवात नावापासून झाली.

[दृश्य: तीन कागद शेजारी शेजारी.]

आपल्याकडे मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव खाली वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, तर स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. पदवीच्या कागदावर तिसराच क्रम. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, आपण आयुष्यभर असंच वाचत आलो. पण परदेशातला तपासनीस पहिला शब्द हे नाव धरतो आणि शेवटचा आडनाव. म्हणजे मार्कशीटवर हिचे वडील हे हिचं आडनाव!

म्हणून कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे प्रतिज्ञापत्र झालं, की या तिन्ही कागदांवरची व्यक्ती मीच. नोटरीने चष्मा वर करून विचारलं, "बाळ, दुसरी कोण असणार?"

हे सगळं दिल्लीच्या एपीएससाठी. एपीएस म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांची शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत की नाहीत ते तपासणारं जर्मन दूतावासाचं कार्यालय. 1 नोव्हेंबर 2022 पासून त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय विद्यार्थी व्हिसाचा अर्जच पुढे सरकत नाही. तपासणीचे 18,000 रुपये. बनावट मार्कशीट जोडणारे कुणीतरी होते, म्हणून ही चाळणी आली; आता ज्यांचे कागद खरे त्यांनाही त्याच रांगेत उभं राहावं लागतं. पुराचा डाग स्कॅनमध्ये स्पष्ट दिसत होता. प्रमाणपत्र येईपर्यंत आई रोज विचारायची, "डागाचं काही म्हणाले का?" कुणी काही म्हणालं नाही.

[दृश्य: वहीवर पेन्सिलीने आकडेमोड.]

मग मार्क. जर्मनीत 1 सर्वांत चांगला आणि 4 म्हणजे काठावर पास. आपल्या मार्कांचं रूपांतर करायला एक सूत्र आहे, त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. हिचा सीजीपीए दहापैकी 8.2. दहातून 8.2 गेले, उरले 1.8. दहातून पास होण्यापुरते 4 गेले, उरले 6. 1.8 भागिले 6, गुणिले 3, अधिक 1. उत्तर 1.9.

यात एक गोम आहे. पासिंग 4 ऐवजी 5 धरलं, तर तेच 8.2 घसरून 2.1 च्या घरात येतात. ज्या अभ्यासक्रमाची रेघ 2 वर असेल, त्याचं दार तिथेच बंद. म्हणून आपल्या विद्यापीठात पास व्हायला किती लागतात, हे लेखी हाताशी असलेलं बरं. ही गोष्ट बरेच जण अर्ज फेटाळला गेल्यावर शिकतात.

वडील वहीत डोकावतात.

"म्हणजे आकडा जितका खाली तितकं पोर हुशार?"

"हो, बाबा."

"मग आमचं चुकलंच. आम्ही इथे शिकलो."

[दृश्य: फ्रिजवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या.]

अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, त्यासाठी आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिली. पण भाजी इंग्रजीत मिळत नाही, म्हणून जर्मनही. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाच्या परीक्षेची तयारी चिपळुणात बसून, ऑनलाइन, मधूनमधून वीज जात असताना.

मराठी माणसाला जर्मन शिकताना दोन ठिकाणी घरच्यासारखं वाटतं. एक, तीन लिंगं. तो, ती, ते आपल्याकडेही आहेत. दोनच लिंगांवर भागवणाऱ्यांची जशी तारांबळ उडते, तशी आपली उडत नाही. फक्त जोड्या जुळत नाहीत. जर्मनमध्ये सूर्य 'ती' आहे, चंद्र 'तो' आहे, आणि मुलगी चक्क 'ते'. आईला यात काही नवल वाटलं नाही. "आपण नाही का म्हणत, ते पोर कुठे गेलं?"

दुसरं, आकडे. चोवीसला जर्मन म्हणतात फीअर-उंड-ट्स्वान्सिग. चार आणि वीस. आपलं चोवीस तरी दुसरं काय? 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. जर्मनीतही 'वीस-एक' म्हणा असं सांगणारी मंडळी आहेत, त्यांची संस्था आहे, आणि त्यांचंही लोक फारसं ऐकत नाहीत.

[दृश्य: घराची भिंत. नव्या रंगाखालूनही दिसणारी आडवी रेघ.]

आता पैसा.

जर्मनीला फी नको असते, पण तुम्ही तिथे उपाशी राहणार नाही याची खात्री हवी असते. ती खात्री म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. जायच्या आधी वर्षाचे 11,904 युरो एका खात्यात भरायचे. ते तिथे कुलूपबंद राहतात, आणि पोहोचल्यावर दरमहा 992 युरो सुटतात. युरो शंभराच्या आसपास धरला तर हे जवळजवळ 12 लाख रुपये झाले, तेही एकरकमी आणि व्हिसाच्या आधी.

वडिलांना हे पचायला दोन दिवस लागले. "पैसे आपले. आणि आपल्यालाच हप्त्याने?"

शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत. त्याच्या वर मागतात. घर होतं, म्हणून घर दाखवलं. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस आला, त्याने खोल्या मोजल्या, आणि मग या भिंतीपाशी थांबला. खिशातून टेप काढून जमिनीपासून रेघेपर्यंतची उंची मोजली. काही बोलला नाही. फक्त जाताना विचारलं, "निळ्या पूररेषेच्या आत येतं का हो हे?"

येत होतं. कागद परत आले.

त्या रात्री डोंबिवलीहून मामाचा फोन. स्पीकरवर टाकला होता, म्हणून आमच्याकडेही तो ध्वनिमुद्रित झाला.

"भावोजी, माझा फ्लॅट आहे ना? लावा त्याचे कागद."

"अरे, पण तुझ्या पोरांचं..."

"फ्लॅट काय बँक उचलून नेणार आहे? आम्ही राहतोय त्यात. लावा."

खर्चाच्या वहीत वडिलांनी त्या दिवशी काहीच लिहिलं नाही.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. बोटीचा धक्का.]

थोडं मागे जाऊ. 1928 साली पुण्याहून एक तरुण बाई मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करायला बर्लिनला निघाल्या. इरावती कर्वे. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे, स्त्रीशिक्षणासाठी हयात घालवलेला माणूस. पण सुनेच्या या जाण्याला त्यांचा विरोध होता. नवरा दिनकर मात्र ठाम होता, तो स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेला. पैसे उभे राहिले ते कर्जाने, आणि ते दिलं जीवराज मेहतांनी, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. 1930 मध्ये इरावतीबाई डॉक्टर झाल्या. ब्लॉक्ड अकाउंट तेव्हा नव्हतं. उसने देणारा माणूस लागायचा, तो आजही लागतो.

[दृश्य: पुन्हा लॅपटॉप.]

अर्जांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माग्डेबुर्गसारखी अनेक विद्यापीठं अर्ज युनि-असिस्ट या संस्थेमार्फत घेतात. पहिल्या अर्जाचे 75 युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाचे 30. हिने पाच केले, दोन ठिकाणांहून होकार आला. सल्लागाराकडे ती एकदा गेली होती. त्याने ज्याचे लाखभर मागितले, त्यातलं बरंचसं डाडच्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहे. फुकट हा शब्द मला या सगळ्या प्रकरणात तिथेच खऱ्या अर्थाने सापडला.

व्हिसाला मुंबई, 75 युरो, आणि वाट पाहणं. वाट पाहण्याचं चित्रीकरण करता येत नाही, आम्ही प्रयत्न केला.

खोलीचं मात्र सांगायला हवं. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांब, म्हणून मुलं ऑनलाइन खोल्या शोधतात. एका 'मालका'ने हिला कळवलं, मी सध्या परगावी आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअर करतो. हिने पाठवली नाही. ओळखीतल्या एकाने पाठवली. किल्ली अजून यायची आहे.

[दृश्य: बैठकीची खोली. उघडी बॅग. हुकवाला वजनकाटा.]

जायच्या आदल्या संध्याकाळी. 23 किलो, वर एक पावही नाही. काटा मामाने आणलाय, बॅग वडिलांनी उचलून धरलीय, आकडा आत्या वाचतेय.

"चोवीस आठशे."

बॅग खाली. काय काढायचं? आईच्या हातात साजूक तुपाची बरणी.

"आई, ते नाही चालत. दुधाचं काहीच नेता येत नाही युरोपात."

"अगं, घरी कढवलंय. भेसळीचं नाही."

"म्हणून नाही गं. नियमच आहे."

नियम खरंच आहे. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे नाहीत, तूप नाही. ताजा कढीपत्ता न्यायचा तर वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र हवं. मात्र मासळी स्वतःपुरती 20 किलोपर्यंत चालते. म्हणजे कायद्याने ही मुलगी तूप नेऊ शकत नाही, पण सुकट नेऊ शकते. हे ऐकून आत्या लगेच उठली. मुलीने हात जोडले. "आत्या, नको. पहिल्याच दिवशी सगळा मजला खाली येईल."

नारळाची आणखी गंमत. ओल्या नारळाला युरोपची हरकत नाही. केळी, अननस, खजूर यांच्यासारखाच तो प्रमाणपत्राशिवाय जातो. पण सुकं खोबरं आपल्याच विमानतळावर अडतं, कारण त्यातलं तेल पेट घेतं. तेव्हा खोबरं नाही. कुळथाचं पीठ राहिलं, आमसुलं राहिली, मेतकूट राहिलं, गोडा मसाला राहिला. एक जीन्स आणि थर्मलचा एक जोड निघाला.

"बावीस नऊशे," आत्या म्हणाली. कुणी बॅग पुन्हा उघडली नाही.

तुपाची बरणी ओट्यावरच होती.

[दृश्य: परशुराम घाटातून जाणाऱ्या गाडीचे दिवे. मग फोनचा उभा पडदा.]

यापुढचं चित्रण तिने स्वतः केलेलं आहे.

पहिलं काम, दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी. ती झाल्यावर दुसरं काम, आणि ते कुठल्याच यादीत नव्हतं. इमारतीच्या दारावरच्या बेलला आणि पत्रपेटीला नाव लावणं. इथे खोली क्रमांकावर पत्र येत नाही. पेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. तिने कागदाची पट्टी कापली, आडनाव लिहिलं, वरून चिकटपट्टी लावली. फक्त आडनाव.

चौथ्या आठवड्यात पेटीत तिच्या नावाचं पत्र. व्हिडिओ कॉलवर चिपळुणात सगळे जमले. तिने ते एका हाताने फोडलं, दुसऱ्या हातात फोन.

"काय गं? विद्यापीठाचं?"

"नाही. टीव्ही आणि रेडिओची वर्गणी. महिन्याला 18.36 युरो."

"पण तुझ्याकडे टीव्ही कुठाय?"

"नसला तरी. दर घरामागे द्यायचेच असतात."

चित्र थोडं हलतं. मग वडिलांचा आवाज.

"फी नाही म्हणे!"