गाठी सोडवणारी अक्षरे

माल्टा आणि गोझो या बेटांच्या मधोमध कोमिनो नावाचे जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे एक खडकाळ बेट आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस अब्राहम अबुलाफिया हा ज्यू गूढवादी येथे येऊन राहिला, कारण बार्सिलोनाचे धर्मपंडित श्लोमो इब्न अद्रेत यांनी त्याच्याविरुद्ध लिहिलेल्या पत्रांनंतर सिसिलीतल्या ज्यू समाजात त्याला फारसा थारा उरला नव्हता. या बेटावर त्याने ‘सेफेर हा-ओत’ हा ग्रंथ लिहिला. ‘ओत’ या हिब्रू शब्दाचा अर्थ अक्षर असाही होतो आणि खूण असाही.

अबुलाफियाचा जन्म 1240 चा, स्पेनमधल्या झारागोझाचा. 1280 मध्ये तो थेट पोप तिसरे निकोलस यांना भेटायला निघाला. त्याला जाळण्याचा हुकूम पोपने देऊन ठेवला होता, असे त्यानेच लिहिले आहे. पण भेट होण्याआधीच पोप वारले आणि फ्रान्सिस्कन साधूंच्या कैदेत 28 दिवस काढून तो सुटला. हा प्रसंग रंगवून सांगण्याचा मोह होतो खरा. पण त्याहून नवलाची आहे ती त्याने शिकवलेली साधना.

तिला ‘त्सेरुफ’, म्हणजे अक्षरांची जुळणी, म्हणतात. साधकाने अंग स्वच्छ करावे, जमल्यास पांढरी वस्त्रे ल्यावीत, आपला आवाज कोणाच्या कानी पडणार नाही अशा खोलीत शक्यतो रात्री बसावे आणि पुष्कळ दिवे लावून सगळा उजेड करावा, असे तो सांगतो. मग हाती शाई आणि लेखणी घ्यायची आणि हिब्रूतली अक्षरे एकमेकांशी जोडत, उलटवत, पुन्हा नव्याने मांडत राहायचे. आधी लिहून, मग उच्चारून आणि शेवटी केवळ मनात. हृदय ऊबदार होईपर्यंत हे थांबवायचे नाही.

हिब्रू लिपी मुख्यतः व्यंजनांची. स्वर वाचणाऱ्याने भरायचे असतात. अबुलाफियाने नेमकी हीच जागा हेरली. ज्यू परंपरेत जे चार अक्षरी ईश्वरनाम एरवी उच्चारले जात नाही, त्याचे एकेक अक्षर ‘आलेफ’ या अक्षराशी जोडून दोन्हींना पाच स्वर आळीपाळीने लावले, की एका जोडीचे पंचवीस उच्चार होतात. प्रत्येक स्वर लांब श्वासात म्हणायचा आणि त्याबरोबर मान हलवायची: ‘ओ’ म्हणताना वर, ‘ई’ म्हणताना खाली.

आपल्याकडचा वाचक येथे नामस्मरणाकडे वळेल, आणि साम्य आहेही. परंतु नामस्मरणात एकच नाम घोळवत मन स्थिर करायचे असते, तर येथे मनाला क्षणभरही एका जागी टेकू द्यायचे नाही. अबुलाफियाच्या मते आत्मा जगाच्या गाठींनी बांधलेला आहे, आणि अक्षरे सुटी झाली की त्या गाठीही सुटू लागतात. त्याच काळातले बहुतेक कबालावादी, म्हणजे कबाला या ज्यू गूढविद्येचे अनुयायी, दहा ‘सेफिरोत’ या दैवी शक्तींच्या चिंतनात रमलेले असताना हा माणूस वर्णमालेच्या बावीस अक्षरांपाशी बसून राहिला.

या साधनेत नेमके काय घडते, याचे सर्वांत जिवंत वर्णन त्याच्या एका शिष्याने ‘शाअरे त्सेदेक’ या ग्रंथात केले आहे. तिसऱ्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, हातात लेखणी आणि मांडीवर कागद तसेच असताना त्याला डुलकी लागली. मेणबत्ती विझू लागलेली दिसली, म्हणून ती नीट करायला तो उठला. पाहतो तर उजेड कायमच होता. नीट निरखल्यावर तो आपल्यातूनच येतो आहे असे त्याला वाटले. विश्वास बसेना, म्हणून तो घरभर येरझारा घालू लागला, तरी उजेड सोबत होता. मग तो आडवा झाला, अंगावर पांघरूण ओढून घेतले, आणि उजेड पांघरुणाखालीही होता.