पोटातल्या पाण्याचा हिशेब

(औसा तालुक्यातल्या एका गावात १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन.)

सरपंचताई, गुरुजी, आणि आत्ताच जिलेबी खाऊन बसलेली मंडळी, आजचा विषय तुमच्या पोटात आधीच पोचलाय, त्यामुळं मला प्रस्तावना करायची गरज नाही.

आपल्याकडं पोट म्हटलं की अग्नी आठवतो. जठराग्नी, पोटात आग पडली, भूक भडकली. चूल पेटलेली आहे, त्यात अन्न टाकायचं, असं एक चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. शब्द सुंदर आहेत, पण आत काहीच जळत नाही. आत चालतं ते सगळं पाण्याचं काम. मी शेतकऱ्याचा मुलगा. मला पोट आठवतं ते रात्री लाइट आल्यावर उसाला दारं धरतात तसं. इकडचं दारं फोडायचं, तिकडचं बांधायचं, वाफा भरला की पाणी पुढं.

ही गोष्ट सिद्ध झाली ती मात्र एका अपघातानं. अमेरिकेत १८२२ साली मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या कामगाराला जवळून बंदुकीचे छर्रे लागले. माणूस वाचला, पण जखम बुजली ती पोटाला भोक ठेवूनच. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरनं मग त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे आत सोडायचे आणि थोड्या थोड्या वेळानं ओढून बघायचं, असं सुरू केलं. पुढं जठरातला रस बाहेर काढून बाटलीत घेतला, अंगाइतका कोमट ठेवला आणि त्यात मांस टाकलं. तेही विरघळलं. ना जाळ, ना जातं, नुसता रस. सेंट मार्टिन चिडला की त्याचं पचन बिघडतं, हेही डॉक्टरनं लिहून ठेवलंय. न चिडून करतो काय बिचारा! वर्षानुवर्षं कुणीतरी आपल्या पोटात दोरा सोडून बसलंय.

आता येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या जेवणाचं उदाहरण घेऊ. शेतात पंगत बसलीय, बाजरीचा उंडा, भज्जी, गव्हाची खीर, वर गाडग्यातली आंबील. पहिला घास तोंडात गेला. लाळ दिवसाला लिटर-दीड लिटर सुटते. भाकरीचा कोरडा तुकडा जरा जास्त वेळ चावून बघा, गोड लागायला लागतो. लाळेतला एक पाचक रस पिठाची लांब साखळी तोडून साखर करतो, म्हणून. आणि साखळीचा एकेक दुवा तोडताना पाण्याचा एकेक रेणू त्यात खर्ची पडतो. पाणी नुसतं वाहून नेत नाही, ते स्वतः तोडायला हातभार लावतं.

घास गिळला की अन्ननलिका त्याला मागून आवळत पुढं ढकलते. अन्न वजनानं खाली पडतं असं वाटत असेल तर बैलाकडं बघा. मान खाली घालून हौदातलं पाणी पितो, आणि ते पाणी वर चढतं.

जठरात दिवसाला साधारण दोन लिटर रस सुटतो. तो लिंबाच्या रसाच्या तोडीचा किंवा त्याहून जहाल आंबट असतो. त्यात भज्जीतल्या डाळीदाण्यांची प्रथिनं तुटायला लागतात. छातीत जळजळलं की आपण म्हणतो, ‘पित्त झालं’. ते बहुतेक वेळा हे आम्ल असतं. खरं पित्त यकृतात तयार होतं, हिरवट-पिवळं असतं, आणि ते पुढच्या मुक्कामाला भेटतं. जठराच्या खालच्या तोंडाशी, आतड्याकडं जाताना, एक आवळलेलं दारं आहे. ते घोटाघोटानंच पाणी सोडतं, आणि तूप-तेल जास्त असेल तर आणखी सावकाश. म्हणून येळवशीला दुपारी जेवलेला माणूस संध्याकाळपर्यंत बाभळीखालून उठत नाही.

खरी शेती लहान आतड्यात. लांबी सहा मीटरच्या आसपास. इथं सुरुवातीलाच स्वादुपिंडाचा रस येऊन आंबटपणा मारतो, आणि पित्त येऊन मिळतं. तुपाची वाटी गार पाण्यानं धुऊन बघा, निघत नाही. राख लावली, साबण लावला की तुपाचे बारीक बारीक थेंब होऊन सुटतात. पित्त हेच काम करतं. मग पाचक रसांना त्या थेंबांना तोंड लावता येतं.

आतड्याची आतली बाजू गुळगुळीत नाही, टॉवेलसारखी आहे. पंचानं अंग पुसलं आणि टॉवेलनं पुसलं यात फरक का पडतो? टॉवेलला सुतांचे फासे असतात. तशी इथं लाखो बारीक बोटं आहेत आणि त्या बोटांवर आणखी बारीक केस. सगळं पसरलं तर तीसेक चौरस मीटर, म्हणजे दहा बाय बाराच्या तीन खोल्यांची फरशी.

आता हिशेब मांडू. लाळ दीड लिटर, जठराचा रस दोन, पित्त अर्धा ते एक, स्वादुपिंडाचा रस दीड, आतड्याचा स्वतःचा लिटरभर. त्यात आपण खाण्यापिण्यातून घेतो ते दोन लिटर. रोज आठ-नऊ लिटर पाणी आतड्यात उतरतं, दहा लिटरची बादली भरत आली. आणि सकाळी बाहेर किती पडतं? शंभर-दोनशे मिलिलिटर. अर्धा कप-एक कप. बाकीचं सगळं शरीर परत ओढून घेतं. बहुतेक लहान आतड्यात, उरलेलं मोठ्या आतड्यात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, ते आपण कसं जपून वापरलं आठवतंय ना? भांडी धुतलेलं झाडाला, अंघोळीचं संडासात. आतडं रोज तसंच वागतं, सुकाळातसुद्धा.

मोठ्या आतड्याचं एक राहिलं. तुरीचे, वालाचे दाणे, त्यातला जो भाग आपल्याला तोडता येत नाही तो तिथल्या जंतूंचा खाऊ. ते तो आंबवतात, आपल्या आंबिलीसारखा, आणि त्यातून निघालेल्या काही पदार्थांवर आतड्याच्या पेशी जगतात. वायू होतो तो त्यातलाच. पोटात गुबारा धरला म्हणून भज्जीला शिव्या देऊ नका.

आता ज्याच्यासाठी मी आज मुद्दाम आलो ते. पावसाळ्यात विहिरीत, बोअरमध्ये घाण पाणी उतरतं आणि हगवण लागते. पूर्वी पटकी, म्हणजे कॉलरा, यायची तेव्हा मरीआईचा गाडा शिवेबाहेर ढकलून यायचे. पटकीचं विष आतड्याची परत ओढण्याची बाजू मोडतं आणि सोडण्याची बाजू सताड उघडतं. पाणी उसनं दिलेलं, परत येईनासं झालं. माणूस हगवणीनं मरत नाही, कोरडा पडून मरतो.

आणि आपण काय करायचो? पाणी बंद! मी पाच-सहा वर्षांचा असताना मला जुलाब लागले तेव्हा घरात फर्मान निघालं, पोराला पाणी दाखवायचं नाही. आजी मात्र रात्री वडील झोपले की वाटीतून मीठ घातलेली भाताची पेज चमच्या-चमच्यानं पाजायची. तिला कारण माहीत नव्हतं. मला ते कॉलेजात कळलं. आतड्यात एक असं दार आहे, जिथं मीठ एकटं आलं तर आत घेत नाहीत, साखरही एकटी घेत नाहीत. जोडीनं आले की दार उघडतं, आणि दोघांच्या मागं पाणी आत येतं. पटकीतसुद्धा हे एक दार शाबूत राहतं. पेजेतला भात तुटून साखरच होतो.

१९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले. पश्चिम बंगालातल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून पिंपातून वाटायला सुरुवात केली. नातेवाईकच पेल्यानं पाजायचे. शंभरातले तीसच्या आसपास मरत होते, ते चारच्या आत आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

(इथं समोर बसलेल्या एका आजींनी विचारलं, “डाक्टरसायब, पानी पाजलं तर ढाळ वाढत्यात की.”)

आजी, थोडे वाढल्यासारखे वाटतील. पण जातंय त्यापेक्षा जास्त आत राहतं, आणि पोराचा जीव त्या आत राहिलेल्यावर आहे. पोरगं उलटी करत असेल तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा चमच्यानं. अंगावर पीत असेल तर दूध तोडायचं नाही. आशाताईंकडं ओआरएसची, म्हणजे ह्याच मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी मिळते, बरोबर झिंकच्या गोळ्याही, त्या सांगितलेत तितके दिवस पूर्ण द्यायच्या. डोळे खोल गेले, पोरगं सुस्त पडलं, पिईना, किंवा शौचातून रक्त पडलं, तर घरी थांबायचं नाही, दवाखान्यात.

मोठी पुडी लिटरभर पाण्याची असते. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात, असलं करू नका, जास्त मीठ पोराला बाधतं. पुडी नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हे बघा, इथं टेबलावरच करतो. आजी, या, चव घेऊन सांगा कसं लागतंय.

(“डोळ्यातल्या पान्यावानी,” आजी म्हणाल्या.)

बरोबर. त्याहून खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्यानं करा.