रस्त्याआधी पाण्याची वाट

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावसाळी चेंबरची जाळी आहे. पाऊस थांबून दोन तास झाले तरी तिच्याभोवती घोटाभर पाणी असायचं. शाळेतून येणारी मुलं कडेच्या भिंतीला धरून चालायची. चेंबर तुंबलंय असंच सगळे म्हणत होते. मी झाकण उचलून बॅटरी मारली, तर आतला पाइप जवळजवळ कोरडा! शेजारच्या बांधकामावर एक म्हातारे गवंडीमामा काम करत होते, त्यांना बोलावलं. त्यांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली. एक टोक माझ्या हाती देऊन जाळीवर धरायला लावलं, दुसरं त्यांनी पाणी साचतं तिथे धरलं. नळीतलं पाणी थरथरलं, स्थिर झालं. मामांनी बोटानं मोजलं आणि म्हणाले, "साहेब, जाळी दोन बोटं वर हाय. पाणी चढून कसं जाईल?"

जाळी बसवणाऱ्यानं पुढे येणाऱ्या डांबराचा थर हिशोबात धरला होता आणि तो थर कडेपर्यंत आलाच नव्हता. पाइपही होता, रस्ताही होता, दोन्हींवर पैसेही खर्च झाले होते. त्या दोघांची पाणसळ, म्हणजे पातळी, तेवढी कुणी एकत्र पाहिली नव्हती.

मी सारी नोकरी ड्रेनेजच्या कामांवर काढली. म्हणून आज विनंती करायला आलोय. आपल्या भागातल्या रस्त्याचा निर्णय होत असेल, तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. हे पाणी कुठे जाणार?

पाणी किती असतं याचा अंदाज सहसा येत नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा मीटर रुंद आणि तीनशे मीटर लांब असा साधा रस्ता धरा. तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर फक्त त्या रस्त्यावर दीड लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. गच्च्या, पार्किंगच्या फरशा, टेकडीवरून उतरणारं पाणी हे सगळं वेगळंच. पूर्वी अंगणातली माती यातलं थोडं पाणी पिऊन टाकायची. आता तिथे पेव्हिंग ब्लॉक बसलेत.

पुण्याला उतार उत्तम मिळालाय. टेकड्यांवरून ओढ्यात, ओढ्यातून मुळा-मुठेत, अशी वाट मुळातच आहे. आंबील ओढा, नागझरी, माणिक नाला, भैरोबा नाला ही नावं नकाशावर शोधून पाहा, निम्मं शहर त्यांच्या काठी आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आलं ते पंपाशिवाय, नुसत्या उताराच्या जोरावर. गाळ काढायला आत उतरता यावं म्हणून वाटेत उच्छ्वास, म्हणजे विहिरीसारखी उघडी तोंडं, ठेवले होते. देखभाल कशी करायची ते बांधतानाच ठरलं होतं. मला या कामाविषयी फार आदर वाटतो.

त्याच कात्रजकडून आंबील ओढा येतो. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री तो अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीतून घरांत शिरला. पुण्यात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली. ती रात्र आठवली की अजून पोटात कालवतं. ओढ्याची रुंदी हा कागदावरचा आकडा नसतो, काठावर झोपलेल्या माणसांचा जीव त्यावर असतो.

आता निर्णय होतो कसा, तेही सांगतो. महापालिकेत रस्ता पथ विभागाकडे आणि गटार मलनिस्सारण विभागाकडे. दोघांची पूर्वगणनपत्रकं, म्हणजे कामाच्या खर्चाचे अंदाज, वेगळी, निविदा वेगळ्या. आयुक्तांचं अंदाजपत्रक सोळा सदस्यांच्या स्थायी समितीपुढे जातं, तिथून मुख्य सभेत. गटारं बांधणं आणि साफ ठेवणं हे कायद्यानं महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. पण रस्ता दिसतो आणि पाइप दिसत नाही, म्हणून मागणी रस्त्याची होते. आपणच करतो! नगरसेवक भेटले की आपल्या तोंडून 'आमचा रस्ता काँक्रिटचा करून द्या' हेच निघतं.

काँक्रिटला माझा विरोध नाही. पण जुना थर न उखडता वर नवा चढवला की रस्त्याची उंची वाढते आणि पाणी थेट पायरीवरून घरात शिरतं. आणि काँक्रिट झाल्यावर वर्षभरानं पाइप टाकायचा ठरलं, तर तोच रस्ता फोडायचा, मग त्यावर ठिगळ. म्हणून क्रम असा हवा: आधी पावसाळी लाइन, तिचं तोंड ओढ्यापर्यंत नेऊन सोडलेलं, मग रस्ता. रस्त्याचा मध्य किंचित उंच, कडेला साधारण पन्नासाला एक, म्हणजे पन्नास सेंटिमीटरला एक सेंटिमीटर, असा उतार, आणि जाळी त्या कडेपेक्षा खालीच. 2017 आणि 2021 साली जी गावं शहरात आली, तिथे अजून बरेच रस्ते व्हायचे आहेत. तिथल्या श्रोत्यांनी हे नीट मनावर घ्यावं. त्यांच्याकडे हा क्रम सुरुवातीपासून पाळता येईल.

आणखी एक. पुण्यात 2006पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या प्रभागातली कामं सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. त्यात 'पाणी साचतं, उपाय करावा' एवढंच लिहू नका. कुठे साचतं, किती वेळ, कुठल्या चेंबरपाशी, जवळचा ओढा कोणता, हे लिहा. पाऊस चालू असताना फोटो काढा आणि जोडा.

माझा अर्ज तयार आहे. त्यात लिहिलंय: गल्लीच्या तोंडाशी असलेली पावसाळी जाळी दोन बोटं खाली घ्यावी. रस्त्याचं पुढचं काम निघण्याआधी जाळी आणि रस्ता यांची पाणसळ दोन्ही विभागांनी जागेवर एकत्र येऊन पाहावी. त्या दिवशी मी हजर राहीन.

नमस्कार.