आधी पोटात, मग उन्हात

(पाण्याखाली. तळ्याचा तळ.)

मासा मेलेला आहे. पोट फुगलंय, अंगावर पांढरी बुरशी धरलीय. कासवाला त्याचं काही नाही. पुढच्या पायांच्या नख्या माशात रुतवून ते मान मागे खेचतं, आणि लचका सुटतो. पुन्हा बघा. तोंडात एकही दात नाही. जबड्याला शिंगासारखी टणक धार आहे, तेवढीच. लचका पाण्याबरोबर आत ओढला की तोंडाचं काम संपलं.

हे आपल्याकडचं मऊ पाठीचं कासव. विहिरीत, गावतळ्यात, भातखाचरात राहणारं. बेडूक, गोगलगाई, किडे, पाणवनस्पती आणि मेलेलं जे हाती लागेल ते, सगळं खातं. या तळ्याला सफाई कामगार कुणी नेमलेला नाही. तो आधीपासूनच आहे.

दात नाहीत, म्हणून सगळा भार जठरावर. माणसाच्या जठरात आम्ल एका प्रकारच्या पेशी सोडतात आणि पेप्सिनोजेन दुसऱ्या प्रकारच्या. कासवात एकच पेशी दोन्ही कामं करते. पेप्सिनोजेन म्हणजे म्यानातली तलवार. आम्ल लागलं की म्यान गळून पडतं आणि पेप्सिन तयार होतं. पेप्सिन हे विकर (एन्झाइम), म्हणजे अन्न तोडणारं प्रथिन. पेप्सिन हे नाव जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी १८३६ साली दिलं. पेप्सिन प्रथिनांच्या लांबलचक साखळ्या मधेमधे तोडत जातं.

(प्रयोगशाळा. दोन परीक्षानळ्या.)

कासवाच्या पोटातून रस काढणं आम्हाला पटलं नाही. म्हणून बाटलीतलं पेप्सिन, थोडं आम्ल आणि उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे तुकडे घेतले. डावी नळी बर्फात, उजवी कोमट पाण्यात. काही तासांनी उजवीकडच्या तुकड्याच्या कडा बघा. काचेसारख्या झाल्यात, कोपरे विरघळलेत. डावीकडचा तुकडा मात्र सुरीने कापला तसाच. रस तोच, आम्ल तेच. फरक फक्त उबेचा.

पुढे लहान आतडं. तिथे स्वादुपिंडाचा रस येऊन आम्ल मारतो. त्याच रसातून ट्रिप्सिनोजेन येतं, तेही म्यानातच. आतड्याच्या भिंतीवरचं एक विकर त्याला मोकळं करतं, त्याचं ट्रिप्सिन होतं, आणि मग ट्रिप्सिन बाकीच्या विकरांना कामाला लावतं. साखळ्यांचे तुकडे, तुकड्यांची अमिनो आम्लं, आणि ती रक्तात. सडका मासा आता कासव झाला.

(दगडावर ऊन. कासव.)

आपलं अंग आतून तापतं, कासवाचं तापत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की विकरांचा वेग साधारण दुपटीवर जातो, अर्थात एका मर्यादेपर्यंत. म्हणून पोट भरल्यावर हे असं, मान ताणून, पाय पसरून पडणं. आळस नाही तो. आतली भट्टी पेटवणं चाललंय. ऊब मिळाली नाही तर गिळलेलं पोटातच पडून सडतं.

(प्लास्टिकचा टब.)

हा टब एका फ्लॅटच्या बाल्कनीतला. सावलीतला. पाण्यात पोळीचे तुकडे तरंगतायत. बेडूक आणि मासे पचवायला बनलेल्या पोटाला पोळी. पाठ वेडीवाकडी होते, डोळे सुजतात. हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरात ठेवणं गुन्हा आहे. कुठे दिसलं तर वनविभागाचा १९२६ हा नंबर फिरवा.

(तळ्याचा काठ. सकाळ.)

टबातलं कासव हेच. उपचार झाले, आज सोडलं. काठावर क्षणभर थांबलं. मग चिखलात नाक खुपसलं, पाठ हलवली. आता फक्त बुडबुडे.

पलीकडच्या दगडावर ऊन आलंय.